जुन्या गाडीने रोज कामावर जायचं असेल तर

गाडी रस्त्यात बंद पडते तो दिवस वाईट असतोच, पण तो निभावून जातो. बॉनेट उघडायचं, कारण सापडलं तर ठीक, नाहीतर टोइंगवाल्याला फोन करायचा. माणसाला खरी पोखरते ती रोजची शंका. सकाळी चावी फिरवण्याआधी पोटात येणारा गोळा, सिग्नलला इंजिनचा आवाज किंचित खाली गेला की टवकारलेले कान, आणि कामावर पोचल्यावरही डोक्यात चालू असलेलं 'संध्याकाळी सुरू होईल ना?' त्यात कुणीतरी म्हणतंच, "विकून का टाकत नाहीस?"

मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये काम करते. सकाळच्या पाळीला मी उशिरा पोचले, तर रात्रपाळी केलेल्या माणसाला घरी जाता येत नाही. गाडी माझी साठच्या दशकातली. चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पॉइंटचं इग्निशन (धातूच्या टोकांच्या उघडझापीने ठिणगी पाडणारी जुनी रचना), डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र). मला ती मनापासून आवडते आणि ती रोज चालावी असं वाटतं; कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी मला बघवत नाही. पण माझ्या आवडीची किंमत दुसऱ्या कुणी जागरणाने चुकवावी हे मला चालणार नाही. या दोन्ही गोष्टी सांभाळायच्या म्हणून मी ज्या सवयी लावून घेतल्या, त्या इथे लिहिते आहे.

पहिली सवय सगळ्यांत महत्त्वाची. उद्या गाडी न्यायची की नाही, हे आदल्या संध्याकाळी ठरवायचं. सकाळी आपण घाईत असतो आणि घाईतला माणूस स्वतःला हवं तेच ऐकतो. 'कालचा तो आवाज काही विशेष नव्हता' असं मन लगेच सांगतं. म्हणून येताना काहीही वेगळं जाणवलं, नवा वास, नवा आवाज, ब्रेक पेडल थोडं जास्त खाली जाणं, तर दुसऱ्या दिवशी बस, ट्रेन किंवा सहकाऱ्याची गाडी. हा पर्याय आधीच ठरलेला हवा, आणि गाडी धडधाकट असतानाही अधूनमधून वापरलेला हवा, म्हणजे किती वेळ लागतो ते माहीत असतं.

संध्याकाळची दहा मिनिटं

गाडी लावली की इंजिनखाली एक जाड पुठ्ठा सरकवा. दुसऱ्या दिवशी त्यावरचे डाग वाचायचे. काळपट, पातळ डाग इंजिन ऑइलचा. जाडसर आणि उग्र वासाचा असेल तर गिअर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी हलवू नका. गोडसर वासाचा ओलावा कूलंटचा असतो. जुनी गाडी थोडं ऑइल सोडतेच, त्याने घाबरायचं कारण नाही; कालपेक्षा आज डाग मोठा झाला का, हा प्रश्न विचारायचा.

गाडी लावल्यावर लगेच, इंजिन गरम असताना, बॉनेट उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तो कुठून येतोय ते शोधा. ऑइलची डिपस्टिक आणि रेडिएटरचं पाणी सकाळी, इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं उकळतं पाणी थेट चेहऱ्यावर येतं.

आठवड्यातून एकदा टायरची हवा आणि फॅन बेल्टचा ताण बघा. टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीख असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुन्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होऊन बारीक भेगा पडल्या असतील, तर बदला.

वीज

माझ्या अनुभवात सकाळी दगा देणारी गाडी बहुतेक वेळा विजेमुळे दगा देते. त्यामुळे रंग, क्रोम, सीट कव्हर यांच्या आधी पैसे इथे घाला.

व्होल्ट मोजायला एक साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले की ती भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली असेल तर थंडीतल्या सकाळी सेल्फने कुरकुर केली तर नवल नाही.

डायनॅमोवाल्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण कित्येक जण यात उगाच बॅटऱ्या बदलत बसतात. इंजिन मंद फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही. मोकळ्या रस्त्यावर तो पुरेसा असतो. पण पावसाळी संध्याकाळ, हेडलाइट चालू, वायपर चालू आणि गाडी इंचाइंचाने सरकतेय, अशा वेळी सगळा भार बॅटरीवर पडतो. घरी पोचेपर्यंत बॅटरी निम्मी झालेली असते. तिच्यात दोष काहीच नसतो. अशा संध्याकाळनंतर रात्रभर चार्जर लावा. रोजचाच प्रवास असा असेल तर अल्टरनेटर, म्हणजे मंद फेऱ्यांवरही चार्ज देणारं नव्या पद्धतीचं जनित्र, बसवून घ्या. गाडीचा अस्सलपणा गेला असं काही जण म्हणतील, म्हणू देत. डायनॅमो कपाटात जपून ठेवा, कधीही परत लावता येतो. एवढं मात्र बघा, की त्या काळच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. ते न तपासता अल्टरनेटर लावला तर तो पहिल्याच झटक्यात जळेल.

यानंतर अर्थिंग. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी एक वेणीदार पट्टी असते. ती गंजली की सेल्फ जड फिरतो, दिवे मंद होतात, आणि कधीकधी सेल्फचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो. तपासायला मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढा, दोन्ही जागा चकचकीत घासा, नवी पट्टी लावा. खर्च नगण्य आणि गुण मोठा.

ठिणगी

अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांच्या बॅटरी इग्निशनचा, म्हणजे पॉइंटच्या याच रचनेचा, काळ १९१० च्या सुमाराचा. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ते सेल्फ स्टार्टरसकट आलं, आणि पुढची कित्येक दशकं मोटारींनी तीच मूळ रचना वापरली. ती इतकी टिकली कारण ती कुणालाही समजते आणि रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते. पण तिला देखभाल लागते. पॉइंटची कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) घासणारी टाच झिजते, पॉइंटमधली गॅप कमी होते, ठिणगीचं टायमिंग मागे जातं, आणि गाडी उचलेनाशी होते. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला त्याची सवय होऊन जाते. पुष्कळ जुन्या ब्रिटिश चार सिलिंडर इंजिनांत ही गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. आपल्या गाडीच्या पुस्तकात बघून फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावा आणि कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक थेंब ठेवा. पॉइंट वारंवार काळे पडत असतील तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंटना जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग, बदला.

रोजच्या वापरासाठी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र ते जळलं तर रस्त्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून गॅप लावून तयार केलेली जुनी पॉइंट प्लेट कंडेन्सरसकट डब्यात घालून कायम डिकीत असू द्या.

उष्णता आणि पेट्रोल

वाहतूक तुंबली की जुन्या गाडीच्या बॉनेटखाली भट्टी होते. एक्झॉस्टजवळच्या पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते, टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप वाफच ओढत राहतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. गाडी दोन-तीनदा आचके देऊन थांबते. अशा वेळी सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, वीस मिनिटं थांबा. उलट प्रकारही होतो. गरम गाडी बंद करून पाच मिनिटांनी परत आलात तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनमध्ये उतरलेलं असतं. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पेडल वरखाली करत राहिलात तर आणखी पेट्रोल आत जाईल.

कायमचा उपाय म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर वळवून घेणं, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा जाड पॅकिंगचा तुकडा आणि एक पत्र्याची आडभिंत.

आता अनेक देशांत पेट्रोलमध्ये १० टक्के किंवा त्याहून जास्त इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने मऊ पडतं, चिकट होतं, तडकतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं आणि टाकीतला जुना गाळ सुटवतं. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकाच वेळी, इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे घालून बदला. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा, गाळ डोळ्यांना दिसतो. आणि आग विझवायचा सिलिंडर चालकाच्या हाताला लागेल असा बसवा. डिकीतल्या सिलिंडरपर्यंत पोचण्याइतका वेळ आग देत नाही.

इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढू लागला की हीटर पूर्ण चालू करा, काचा खाली घ्या. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. पंखा बेल्टवर फिरत असेल तर न्यूट्रलमध्ये फेऱ्या थोड्या वाढवा. तरी काटा थांबला नाही तर बाजूला घ्या. हेड गॅस्केट (इंजिनच्या माथ्याखालचं सील) जाण्यापेक्षा उशीर परवडला.

बंद पडलीच तर

ती कशी बंद पडली ते आठवा. चालता चालता चावी काढल्यासारखी एकदम गप्प झाली तर वीज. आचके देत, दम सोडत, हळूहळू मेली तर पेट्रोल. हा नियम मला अनेकदा कामी आला आहे, आणि त्याने निम्मी शोधाशोध वाचते. विजेकडे संशय असेल तर आधी वायरींची टोकं हलवून बघा, मग प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट उघडझाप करतात का ते बघा. पॉइंटच्या गाडीत कॉइलकडून (बॅटरीची वीज ठिणगी पडण्याइतकी चढवणाऱ्या भागाकडून) येणारी मधली केबल डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढून, रबरी मुठीच्या पक्कडीने इंजिनपासून पाचसहा मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. निळी, कडक ठिणगी उडाली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक आहे. आसपास पेट्रोलचा वास असेल तर ही चाचणी करू नका.

डिकीतल्या डब्यात रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता भाग), फॅन बेल्ट, फ्यूज, थोडी वायर, इन्सुलेशन टेप, होज क्लिप, प्लग पाना, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, दोन लिटर पाणी, हातमोजे आणि रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण असावा. सुट्टे भाग नवेच हवेत असं नाही. नवा रोटर लावताना काढलेला जुना, चालू रोटर डब्यात ठेवा. तो चालतो याची खात्री असते. बाजारातल्या नव्या भागांबद्दल ती नसते.

ब्रेक

इथे तडजोड नाही. पुष्कळ जुन्या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक जातात. ड्रम ब्रेक पाण्यातून गेल्यावर धरत नाहीत, तेव्हा पाण्यातून बाहेर आलात की हलक्या पायाने ब्रेक लावत थोडं अंतर जा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, दर दोन वर्षांनी बदला. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, मध्ये दुसरा घुसला तर पुन्हा ठेवा. नव्या गाड्या कुठे थांबतील तिथे आपली थांबणार नाही.

वही

लॅबमध्ये शिकलेली एक शिस्त गाडीला तशीच लागू पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. कॉइल, प्लग आणि कार्ब्युरेटरचं सेटिंग एकाच दिवशी बदललं आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कळत नाही. बिघडली तर त्याहून वाईट. तारीख, किलोमीटर, हवा गरम की थंड, काय झालं, काय केलं, एवढं पुरे.

मेस्त्रीकडे जाताना ती वही न्या आणि त्यांना कुठला भाग बदलायचा ते सांगू नका, लक्षण सांगा. "कॉइल बदला" म्हटलं की कॉइल बदलली जाते आणि दोष तसाच राहतो. मी एका चिठ्ठीवर लिहून चावीला अडकवते: 'थंड असताना उत्तम. वीस मिनिटं चालल्यावर एकदम बंद, आचके नाहीत. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. पेट्रोल फिल्टर भरलेला दिसतो. पावसाचा संबंध नाही.' एवढं वाचल्यावर चांगला मेस्त्री कॉइल आणि कंडेन्सर गरम करूनच तपासतो, आणि गाडी बहुतेक वेळा त्याच संध्याकाळी परत मिळते.