लँडडनोच्या जुन्या घरात मुक्काम: खोली आणि न्याहारी

वेल्समधल्या लँडडनोला समुद्रासमोर व्हिक्टोरियन घरांची सुंदर रांग आहे. त्यातली बरीच आज गेस्ट हाउस आहेत. घरं उंच, जिने अरुंद, आणि लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही. सोबत आई-बाबा असतील तर बुकिंग करताना खोली कितव्या मजल्यावर आहे ते आधी विचारा. माळ्यावरची खोली स्वस्त मिळते, पण छत उतरतं आणि खिडकी छोटी असते. वरखाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून वारं येतं, म्हणून जुलैतही एक स्वेटर हवाच.

खरी काळजी घ्यायची ती जेवणाची. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. अंडं चालतं का, हे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा. मश्रूम आणि टोमॅटो बेकनच्याच, म्हणजे डुकराच्या मांसाच्याच, तव्यावर परतले जाऊ शकतात, तेव्हा वेगळा तवा मागा. घरगुती पुडिंगमध्ये सुएट, म्हणजे गाईबैलाची चरबी, असू शकते. जेलीत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला पदार्थ. वूस्टर सॉसमध्ये बहुधा अँचोव्ही मासे. ‘ऑरगॅनिक’ म्हणजे सेंद्रिय, शाकाहारी नव्हे. सेंद्रिय सॉसेजही डुकराचंच असू शकतं. काय काय सेंद्रिय आहे आणि प्रमाणपत्र कोणाचं, हेही विचारावं. ॲलर्जी असेल तर बिनधास्त बोला: कायद्याने ठरवलेल्या 14 घटकांची माहिती देणं गेस्ट हाउसवाल्यांना बंधनकारक आहे. रात्रीचं जेवण हवं असल्यास ते आधीच नोंदवा, कारण छोट्या स्वयंपाकघरात माणसं मोजूनच सामान आणतात.