होल्टर लावायचाय? मग धडधड सुरू कधी होते ते पकडा

आमच्या अप्पांना मधूनच छातीत धडधड व्हायची, दहा-पंधरा मिनिटं, आणि रिक्षा करून नाशिकच्या सिडकोतून गंगापूर रोडला डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं गायब, ईसीजी काढला की नॉर्मल. त्याचं कारण साधं आहे, ईसीजीची पट्टी साधारण दहा सेकंदांची, त्यात दहा-बारा ठोके येतात आणि हृदय दिवसाला टाकतं जवळपास १ लाख. म्हणून मग होल्टर लावतात, २४ किंवा ४८ तास अंगावर वागवायचं छोटं ईसीजी मशीन.

होल्टर हे आडनाव आहे बरं का. नॉर्मन होल्टर, अमेरिकेत मोंटानातला संशोधक, त्याचं सुरुवातीचं मशीन पाठीवर बांधून फिरायचं होतं आणि वजन ३८ किलोच्या आसपास! आता कमरेला मोबाईलएवढं काहीतरी लटकतं तर आपण कुरकुर करतो.

मशीन लावायच्या आधी नाडी बघायला शिका. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा (अंगठा नको, त्याचीच नाडी जाणवते) आणि पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट इथे चालत नाही. आकडा ६० ते १०० च्या मधे आहे का हे बघाच, पण ठेका जास्त महत्त्वाचा. नाशिक ढोल ऐकलाय ना, पथक जमलेलं असलं की ठोका कुठे पडणार ते आपल्याला आधीच कळतं. मधे एखादा चुकला, जरा थांबून एक जोरात पडला आणि परत ठेका धरला, तर तो बऱ्याचदा जादाचा ठोका असतो, पुष्कळ लोकांना येतो, डॉक्टरांच्या कानावर घाला पण झोप उडवू नका. पण ठेकाच नाही, ज्याला जसं वाटेल तसं तो बडवतोय असं लागलं तर एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं, त्यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. हे दुखत नाही, कित्येकांना तर जाणवतही नाही, म्हणून दुर्लक्ष होतं.

आता होल्टर. लावायला जाताना आंघोळ करून जा कारण नंतर मशीन काढेपर्यंत नाही, छातीला तेल-पावडर काही नको, शर्ट पुढून बटणांचा आणि सैल. एप्रिल-मे असेल तर घामाने पट्ट्या सुटतात, सुटली तर तिथेच दाबून बसवा, नाही बसली तर सेंटरला फोन करा, मनाने दुसरीकडे चिकटवू नका. मोबाईल वरच्या खिशात नको. आणि तंत्रज्ञाला विचारून मशीनचं घड्याळ नि तुमचा मोबाईल एकाच वेळेवर आहेत का ते बघा, हे कोणी सांगत नाही पण पुढची सगळी मजा याच्यावर आहे.

आमची पहिली खेप वाया गेली ती आमच्याच शहाणपणाने. अप्पांना म्हटलं मशीन आहे, पडून रहा. पडून राहिले, रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "अहो काका, रोज करता ते करायचं होतं ना." दुसऱ्या वेळी मग सोमेश्वरला फिरायला गेले, तिसऱ्या मजल्यावर पिशव्या घेऊन चढले, रात्री झणझणीत मिसळही झाली (ती डॉक्टरांनी सांगितली नव्हती). मशीनच्या नोंदीशी ताडायला जवळ ठेवलेल्या वहीत त्यांच्या अक्षरात असं होतं: "५.५० पहाटे. दूध तापवत होतो. आधी दोन ठोके लागोपाठ, मग धडधड. ६.०५ थांबली." धडधड झाली की दाबायचं मशीनवरचं बटणही दाबलं होतं.

"आधी दोन ठोके" हे सोनं. १९९८ साली फ्रान्समधे बोर्दोच्या मिशेल आईसागेर आणि त्यांच्या टीमने ४५ पेशंटमधे नेमकी हीच सुरुवात शोधली, फिब्रिलेशन पेटवणारे ठोके उठतात कुठून, तर बहुतेक सगळे फुप्फुसातून हृदयात येणाऱ्या शिरांमधून. तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष थरथरणाऱ्या कप्प्यांवर. आज मांडीच्या शिरेतून तार घालून फिब्रिलेशनवर अब्लेशन नावाचा इलाज करतात त्यात याच शिरांच्या तोंडाशी रिंगण करून त्यांचा करंट तोडतात.

तर वहीत वेळ, काय करत होता, कसं वाटलं, कधी थांबलं, गोळी कधी घेतली, एवढं लिहा, "बरं वाटत नव्हतं" असलं मोघम नको. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, रक्त पातळ करायची तर अजिबातच नाही. धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर वही-बिही ठेवा बाजूला आणि १०८ लावा.

अप्पांच्या रिपोर्टमधे धडधडीची सुरुवात ५ वाजून ५१ मिनिटांनी सापडली. तो एक मिनिटाचा फरक आमच्या गॅसजवळच्या घड्याळाचा, अप्पांनी वेळ मोबाईलवर न बघता तिथे बघितली होती.