रोज बॅगेत ठेवायची बॅटरीवाली गॅजेट्स घेताना काय बघायचं

ठाण्याहून ऐरोली-घणसोलीला किंवा पनवेलहून सीएसएमटीला रोज ये-जा करणाऱ्या कुणाचीही बॅग बघा, पॉवर बँक असते, इयरबड्स असतात, कुणाकडे छोटी टॉर्च, उन्हाळ्यात हातपंखा. दुकानात ह्यातलं प्रत्येक गॅजेट चालू होतं, त्यामुळे "चालतंय का" हा प्रश्नच नाहीये. दोन महिने बॅगेच्या तळाशी पडून राहिल्यावर चालेल का, जुलैत बॅग भिजल्यावर चालेल का, मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत तापल्यावर चालेल का, हे बघायचं. मी कुठलंही गॅजेट घेताना आधी बॅटरी आणि चार्जिंगचं भोक बघते, मग बाकीचे फीचर्स, आणि घरच्यांनाही तेच सांगते.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय ना? सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बिघडली, मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम लाइट गेली, लोकल थांबल्या, आणि कोविडमुळे बरेच लोक वर्क फ्रॉम होम असल्यामुळे वायफायसकट सगळं ठप्प. असा दिवस वारंवार येत नाही, पण येतो तेव्हा सांगून येत नाही, आणि त्या दिवशी कपाटातली पॉवर बँक किती महागाची होती ह्याला काही अर्थ नसतो, तिच्यात चार्ज आहे का एवढंच कामाचं.

तर सुरुवात पॉवर बँकेपासूनच, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. डब्यावर मोठ्या अक्षरात १०,००० एमएएच (किती चार्ज मावतो त्याचं माप) लिहिलेलं असतं ते आतल्या सेलचं, आणि तो सेल ३.७ व्होल्टचा असतो. बाहेर यूएसबीतून करंट निघतो ५ व्होल्टला. म्हणजे १०,००० गुणिले ३.७ भागिले ५, झाले ७,४००, त्यातून सर्किटमधे उष्णता होऊन जाणारा भाग वजा केला की हातात साधारण सहा हजार ते साडेसहा हजार उरतात. ही चोरी नाही, सगळ्यांचं असंच असतं, आणि प्रामाणिक कंपनी हा दुसरा आकडा "रेटेड कपॅसिटी" म्हणून बारीक अक्षरात छापते. तो आकडा शोधा. तो छापलेलाच नसेल किंवा तो पण १०,०००च असेल तर ठेवून द्या खाली. ५,००० एमएएचचा फोन असेल तर १०,०००ची बँक साधारण सव्वा ते दीड वेळा भरते, दोनदा नाही, हे धरूनच घ्या म्हणजे नंतर चिडचिड होत नाही.

दुसरी परीक्षा वजनाची, आणि ही मला सगळ्यात आवडते कारण ह्यात खोटं बोलता येत नाही. लिथियमचा सेल जड असतो. १८६५० नावाचा जो गोल सेल असतो (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) तो एकच ४५-५० ग्रॅमचा असतो आणि चांगल्यातला चांगला साधारण ३,५०० एमएएचचा. म्हणजे १०,०००च्या बँकेला असे तीन लागणार, वर सर्किट आणि बॉडी, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन आलंच पाहिजे, थोडं इकडे तिकडे. २०,००० लिहिलेलं आणि हातात दीडशे ग्रॅमचं लागलं तर आत काय आहे ते कळलंच. स्टेशनबाहेर पथारीवर अशा हलक्या बँका ढिगाने असतात. माझ्या जावेने एक आणली होती, बिल नाही काही नाही, मी तिला म्हटलं चल आधी वजन करू, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, ११० ग्रॅम भरली आणि वर छापलेलं २०,०००. भाजीवाले काकाच म्हणाले, ताई एवढं वजन तर मूठभर मिरच्यांचं होतं, परत द्या ती. दिली परत. असंच टॉर्चबरोबर मिळणाऱ्या "९,९०० एमएएच" लिहिलेल्या १८६५० सेलचं, तसा सेल जगात बनतच नाही, सरळ नाही म्हणायचं.

तिसरं, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नंबर. पॉवर बँक आणि लिथियम सेल भारतात विकायला रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे, वस्तूवर किंवा डब्यावर आर आणि पुढे आठ आकडे असा नंबर असतो. फोनवर बीआयएस केअर ॲप टाका, त्यात तो नंबर मारा, कंपनीचं नाव आणि कुठल्या वस्तूसाठी नंबर दिलाय ते येतं. नंबर असणं पुरेसं नाही, तो त्याच कंपनीचा आणि त्याच प्रकारच्या वस्तूचा पाहिजे, कारण दुसऱ्याचा नंबर छापणारे पण आहेत. गोखले रोडवर किंवा वाशी सेक्टर १७ला दुकानात उभं राहून हे एक मिनिटात होतं, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

आणि बनवल्याचा महिना बघा. लिथियमचा सेल वापरला नाही तरी म्हातारा होत असतो, डिस्काउंटमधे स्वस्तात मिळतंय म्हणून तीन वर्षं गोडाऊनमधे पडलेला माल घेण्यात काही हशील नाही.

आता चार्जिंगचं भोक. टाइप-सी सोडून काहीही घेऊ नका, मायक्रो यूएसबीवाली गॅजेट्स अजून मिळतात, पण एका वस्तूसाठी वेगळी केबल बाळगायची आणि नेमकी तीच घरी राहायची हे कशाला. सगळं एकाच केबलवर चाललं पाहिजे. पण टाइप-सीत पण एक गोम आहे जी डब्यावर लिहिलेली नसते. स्वस्त टॉर्च, पंखे, ट्रिमर ह्यांत भोक टाइप-सीचं असतं पण आत ५.१ किलो-ओहमचे दोन बारीक रेझिस्टर बसवायचे असतात ते गाळलेले असतात, काही पैसे वाचतात म्हणून. ते नसले की दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली केबल लावली तर चार्जरला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. जुन्या चपट्या यूएसबीवाल्या केबलने मात्र चार्ज होतं, त्यामुळे लोकांना वाटतं आपला चार्जर बिघडला. म्हणून दुकानात जाताना स्वतःची सी-टू-सी केबल आणि चार्जर घेऊन जा, लावून बघा, दिवा पेटला तर घ्या. नवीन फोनचे चार्जर बरेचसे टाइप-सीवालेच आहेत, म्हणजे ही अडचण पुढे वाढणारच.

इयरबड्स किंवा स्मार्टवॉच पॉवर बँकेवर लावणार असाल तर बँकेत कमी करंटचा मोड आहे का विचारा. इयरबड्सची डबी इतका कमी करंट ओढते की बऱ्याच बँकांना वाटतं काही लावलेलंच नाही आणि त्या मधेच बंद पडतात. बऱ्याच बँकांत बटण दोनदा दाबलं की हा मोड चालू होतो.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एवढंच, पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे चालत नाही, आणि १०० वॉट-अवरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. एमएएच गुणिले ३.७ भागिले १,००० म्हणजे वॉट-अवर, १०,०००चे ३७, २०,०००चे ७४, दोन्ही चालतात. वॉट-अवरचा आकडा बँकेवर छापलेला असू दे, पुसट झाला असेल तर सिक्युरिटीला अडवतात.

टॉर्च. मोबाइलची टॉर्च आहे की, असं सगळे म्हणतात, पण लाइट गेलेली असताना फोनची बॅटरी टॉर्चमधे घालवायची हे मला पटत नाही, आणि पावसात एका हातात छत्री असताना फोन धरून घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवरचे खड्डे बघत चालणं त्याहून नाही. लुमेनच्या (उजेडाचं माप) मोठ्या आकड्याला भुलू नका. १,००० लुमेन लिहिलेली खिशातली टॉर्च तो उजेड काही मिनिटंच देते, मग तापते आणि स्वतःच मंद होते. टॉर्च मोजायचा एक ठरलेला एएनएसआय नावाचा स्टँडर्ड आहे, त्यातली वेळ म्हणजे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतची, आणि लांबी म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड जिथवर पोचतो तिथवरची. म्हणजे "२०० मीटर" लिहिलंय तिथे तुम्हाला माणसाचा चेहरा दिसेल असं नाही. रस्त्याने चालायला १००-२०० लुमेन भरपूर, बॅगेत चावी शोधायला ५-१० पुरतात, म्हणून अगदी मंद मोड असलेली घ्या, त्या मोडवर ती तासन् तास चालते.

पण टॉर्चमधे सगळ्यात महत्त्वाचं ते लॉक. बॅगेत डब्याखाली बटण दाबलं गेलं की टॉर्च आतल्या आत जळत राहते, तापते, संध्याकाळी संपलेली असते. चांगल्या टॉर्चची मागची टोपी पाव आटा सैल केली की करंट पूर्ण तुटतो, मग बटण कितीही दाबा. ह्याने दुसराही फायदा, इलेक्ट्रॉनिक बटणवाल्या टॉर्च बंद असतानाही थोडा थोडा करंट पीत असतात, चांगल्यात तो नगण्य असतो आणि हलक्या मालात काही आठवड्यांत सेल रिकामा. दुकानात टोपी सैल करून बटण दाबून बघा, पेटली नाही तर लॉक खरं आहे.

पेन्सिल सेलची टॉर्च घ्यावी की लिथियमवाली? रोज वापरणार असाल तर लिथियम, आणि शक्यतो सेल बाहेर काढता येणारी, कारण चारपाचशे चार्जनंतर सेल दमतो तेव्हा नुसता सेल बदलता आला पाहिजे. आईवडिलांच्या उशाशी किंवा बॅगेत नुसतीच ठेवायची असेल तर पेन्सिल सेलची, कारण तो सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतो. फक्त वापरून टाकायचे साधे सेल आत ठेवून विसरू नका. ते गळले की, अल्कलाइन असले तर, आतला क्षार बाहेर येतो, पांढरी भुकटी साचते आणि स्प्रिंग खाऊन टाकते. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबू घेऊन पुसलं तर कधीकधी वाचते, कधी नाही. त्यापेक्षा चार्ज होणारे निकेलचे सेल घ्या, त्यातही पडून राहिले तरी चार्ज टिकवणारे, पॅनासॉनिकच्या एनेलूपसारखे. जुन्या प्रकारचे निकेल सेल काही महिन्यांत आपोआप उतरतात, हे वर्षभरानेही बराच चार्ज धरून असतात. व्होल्टेज १.५ऐवजी १.२ असतं, बहुतेक गॅजेट्सना त्याने फरक पडत नाही.

पाऊस. वस्तू पाण्यात किती टिकते त्याचा आयपी नंबर डब्यावर असतो, आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. एक्स म्हणजे धुळीची परीक्षा झालेलीच नाही, धूळ पण हवी तर आयपी६७ बघा. बॅगेतल्या वस्तूला शिंतोड्यांचं संरक्षण पुरतं. पण ही परीक्षा नव्या वस्तूची आणि गोड्या पाण्यात होते, रबर जुनं झालं की भरवसा नाही. इयरबड्सवर आयपीएक्स४ लिहिलेलं बऱ्याचदा बड्सपुरतंच असतं, डबीला लागू नसतं, ते नीट वाचा. आणि भिजलेल्या भोकात केबल कधीच नाही घालायची, पाणी झटकून, पुसून, पंख्याखाली काही तास ठेवायचं. ओल्या भोकात करंट सोडला की पिना हिरव्या पडतात आणि मग कुठलंच वॉटरप्रूफ कामाला येत नाही.

पावसापेक्षा ऊन वाईट, हे कमी लोकांना माहीत असतं. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत, डिकीत तापमान सहज त्यापुढे जातं. पॉवर बँक डिकीत ठेवायची सवय मोडा. नुसती ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून नाही, निम्म्याच्या थोडं वर ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी बघा. पावसाळ्यात मात्र मी भरूनच ठेवते, तिथे सेलच्या आयुष्यापेक्षा त्या दिवसाची गरज मोठी.

हातपंख्याबद्दल थोडक्यात, बॅटरी किती ते बघा, पहिल्या स्पीडवर किती तास आणि शेवटच्या स्पीडवर किती ते वेगवेगळं लिहिलेलं असेल तर कंपनी बरी. पंखा, टॉर्च, स्पीकर आणि पॉवर बँक सगळं एकात असलेलं घेऊ नका, बॅटरी एकच असते, पंखा चालवला की फोनला उरत नाही.

इयरबड्सच्या आतला सेल एवढासा असतो, बदलता येत नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून फार पैसे घालू नका आणि एक वायरवाला इयरफोन बॅगेत राहू दे.

बटण सेलवर चालणाऱ्या वस्तू, किल्लीचा ट्रॅकर, ग्लुकोमीटर, ह्यांत बहुतेक सीआर२०३२ असतो, तो सगळीकडे मिळतो म्हणून तोच लागणारी वस्तू निवडा. घरात लहान मूल असेल तर झाकणाला स्क्रू पाहिजेच, हा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, तशी शंका जरी आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं. घरात कुणी कानाचं मशीन लावत असेल तर त्याचे सेल वेगळे, हवेवर चालणारे झिंकचे. स्टिकर काढला की सेल जागा होतो आणि मग वापरा न वापरा उतरत राहतो, म्हणून आधीच स्टिकर काढून ठेवायचे नाहीत, आणि काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवायचा. स्टिकरचा रंग साइजप्रमाणे असतो, ३१२ला तपकिरी, १३ला केशरी, ६७५ला निळा, आजीला नंबर लक्षात राहिला नाही तरी रंग राहतो.

बिल जीएसटीचं घ्या, वॉरंटी त्यावरच चालते. घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्ण भरून पूर्ण वापरून बघा, बदलून घ्यायची मुदत असते तोवर. आणि जुनं गॅजेट फुगलेलं दिसलं, झाकण उचललं गेलेलं, टेबलावर ठेवलं की डुगडुगतंय, तर त्याच दिवशी वापर बंद, चार्ज करायचं नाही, दाबायचं नाही, टोचायचं नाही. सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात पण नाही, कचरागाडीत दाबलं गेलं की पेट घेतं. टोकांवर चिकटपट्टी लावा, जळण्यासारखं काही शेजारी नसेल अशा जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे, तर कस्टमर केअरला फोन करून ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे द्यायची ते विचारा.