हृदय मोठं झालंय, नळ्या मोकळ्या आहेत: पर्फ्युजन स्कॅनची तयारी

डायलेटेड कार्डिओमायोपथीत (हृदय पसरून त्याचं पंपिंग कमी होणं) अँजिओग्राफी स्वच्छ येते, तरी हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असू शकतं. पसरलेल्या हृदयाच्या भिंतीवर ताण वाढतो, आतल्या थरातल्या बारीक वाहिन्या दाबल्या जातात आणि गरज पडली की पुरेशा रुंदावत नाहीत. या वाहिन्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत, म्हणून पर्फ्युजन स्कॅन करतात, म्हणजे हृदयाच्या स्नायूला कुठे किती रक्त पोचतं ते दाखवणारी तपासणी.

हा स्कॅन चहामुळे वाया जाऊ शकतो. रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी अ‍ॅडेनोसिन हे औषध शिरेतून देतात आणि कॅफिन नेमका त्याचाच परिणाम अडवतं. मग खरा दोष झाकला जातो. आदल्या दिवसापासून २४ तास चहा, कॉफी (डीकॅफसुद्धा), कोला, चॉकलेट बंद. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, वेष्टन वाचा. चुकून चहा घेतलाच तर लपवू नका, तारीख बदलून घ्या.

बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारी गोळी) किंवा लघवीची गोळी मनाने थांबवू नका. पंपिंग कमी असताना ती अचानक बंद करणं धोक्याचं आहे. कुठली गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेह असेल तर उपाशीपोटी इन्सुलिनचं काय करायचं, तेही विचारा.

दमा असेल तर आधीच सांगा, अ‍ॅडेनोसिनने श्वासनलिका आकसू शकतात. ईसीजीत डावा बंडल ब्रँच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूला विद्युत संदेश उशिरा पोचणं) असेल तर औषधाऐवजी ट्रेडमिलवर चालवून ताण देणं टाळतात, कारण वाढलेल्या ठोक्यांत हृदयाच्या मधल्या पडद्यावर खोटा दोष दिसतो. म्हणून जुना ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या.

अ‍ॅडेनोसिन दर किलो वजनामागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या वेगाने ४ ते ६ मिनिटं चालतं. चेहरा गरम होतो, छातीत दडपण येतं, धाप लागते. औषध थांबलं की हे सहसा मिनिटाभरात ओसरतं. स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सारी द्रव्य टेक्नेशियमचं असेल तर तासाभराने फोटो काढतात. तोवर दूध किंवा खाणं देतात, म्हणजे यकृत-पित्ताशयातली चमक हृदयाच्या चित्रात मिसळत नाही. फोटोसाठी हात वर करून १५-२० मिनिटं उताणं पडावं लागतं. उताणं झोपल्यावर दम लागत असेल तर आधीच बोला.

हा स्कॅन स्पेक्ट आणि पेट अशा दोन प्रकारच्या यंत्रांवर होतो. साध्या स्पेक्ट स्कॅनमध्ये एका भागाची दुसऱ्याशी तुलना असते. सगळीकडे सारखंच रक्त कमी असेल तर चित्र नॉर्मल वाटतं. पेट स्कॅन मात्र दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिली रक्त मिळतं ते मोजतो. त्यात ताणाखालचा (अ‍ॅडेनोसिन चालू असतानाचा) प्रवाह विश्रांतीच्या दुपटीहून कमी निघाला, तर डॉक्टरांशी त्यावर जरूर बोला.