थिंकपॅड एक्स२३०: बायोस बदलणे आणि बिघडल्यास पूर्ववत करणे

लेनोव्होचा थिंकपॅड एक्स२३० हा लॅपटॉप २०१२ साली बाजारात आला. कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेले त्याचे जुने नग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये अजूनही मिळतात, आणि रॅम वाढवून एसएसडी बसवली की रोजच्या कामाला ते चांगले पुरतात. अडचण येते ती वाय-फाय कार्ड बदलताना. मूळचे संथ कार्ड काढून इंटेल ७२६० सारखे वेगवान कार्ड बसवले, की सुरू होतानाच १८०२ क्रमांकाचा संदेश येतो, 'अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवले आहे, लॅपटॉप बंद करून ते काढा' अशा अर्थाचा, आणि लॅपटॉप तिथेच अडून बसतो. कार्डात दोष नसतो. कंपनीने मान्य केलेल्या कार्डांची यादी, म्हणजे व्हाइटलिस्ट, लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, म्हणजे बायोसमध्ये, असते आणि नवे कार्ड तीत नसते. ही यादी काढून टाकणे, आणि त्या खटाटोपात लॅपटॉप सुरू होईनासा झाला तर तो पुन्हा उभा करणे, या दोन्ही कामांची पद्धत येथे दिली आहे.

दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. बाहेरच्या कंपनीची बॅटरी चार्ज होत नाही, ही तक्रार बायोस बदलून सुटत नाही, कारण बॅटरीची तपासणी एम्बेडेड कंट्रोलर या वेगळ्या चिपचे फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच साठवलेला प्रोग्रॅम, करते. तसेच जुन्या लॅपटॉपवर बायोसच्या सेटिंग्जना कुलूप लावणारा आधीच्या मालकाचा सुपरवायझर पासवर्ड राहिला असेल, तर तो बायोसच्या चिपमध्ये नसून ईईप्रॉम नावाच्या वेगळ्या छोट्या स्मृती-चिपमध्ये साठवलेला असतो. लॅपटॉपमधील नाण्यासारखा बटण सेल काढून तो जात नाही. असा नग विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडूनच पासवर्ड काढून घ्यावा, आणि त्याला ते जमत नसेल तर तो लॅपटॉप आला कुठून याचा विचार करून व्यवहार सोडून द्यावा.

चिपमध्ये काय असते

एक्स२३०च्या मदरबोर्डवर बायोससाठी एक नव्हे, दोन फ्लॅश चिप (वीज गेली तरी मजकूर टिकवणाऱ्या) असतात. लॅपटॉप समोर ठेवला असता आपल्या बाजूची चिप ८ मेगाबाइटची आणि स्क्रीनच्या बाजूची ४ मेगाबाइटची असते. प्रोसेसरला मात्र या दोन्ही मिळून १२ मेगाबाइटची एकच सलग जागा दिसते. त्यातील पहिल्या सुमारे ५ मेगाबाइटमध्ये तीन गोष्टी असतात: कोणत्या भागावर कोणी लिहावे हे ठरवणारा डिस्क्रिप्टर, लॅन कार्डचा ओळख क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस ज्यात असतो तो छोटा विभाग, आणि इंटेल मॅनेजमेंट इंजिन या मदरबोर्डवरील स्वतंत्र छोट्या प्रोसेसरचे फर्मवेअर. उरलेले ७ मेगाबाइट म्हणजे खरे बायोस. त्याचे ३ मेगाबाइट मोठ्या चिपच्या शेवटी आणि ४ मेगाबाइट छोट्या चिपमध्ये असतात.

ही रचना लक्षात ठेवली की पुढच्या बहुतेक चुका टळतात. दुसऱ्या कुणाच्या एक्स२३०ची संपूर्ण १२ मेगाबाइटची फाइल इंटरनेटवरून उतरवून आपल्या चिपवर चढवली, तर लॅपटॉप सुरू होईलही, पण मॅक अ‍ॅड्रेस त्या अनोळखी माणसाचा येईल. इतर अनेक लॅपटॉपमध्ये सिरियल नंबर आणि विंडोजची कीसुद्धा याच चिपमध्ये असते. म्हणून आपल्या चिपमधील मजकुराची आपण स्वतः काढलेली प्रत हीच या कामातील खरी पुंजी आहे, आणि एक बाइट बदलण्यापूर्वी ती हातात असली पाहिजे.

सॉफ्टवेअरची वाट आणि क्लिपची वाट

एक्स२३० आणि टी४३० या पिढीच्या थिंकपॅडसाठी आयव्हीरेन नावाचे एक मोफत साधन आहे (शोधताना त्याच्या नावातील पहिल्या अक्षराच्या जागी १ हा आकडा टाकावा). पेन ड्राइव्हवरून ते सुरू केले की लॅपटॉप न उघडता व्हाइटलिस्ट काढलेले बायोस लिहिता येते. लेनोव्होच्या जुन्या बायोसमधील एका सुरक्षा-त्रुटीचा ते फायदा घेते. नंतरच्या आवृत्त्यांत ती त्रुटी बुजवलेली असल्यामुळे आधी आयव्हीप्रेप या सोबतच्या साधनाने विंडोजमधून जुन्या आवृत्तीवर यावे लागते. लिहिण्याचे काम चालू असताना बॅटरी पुरेशी भरलेली आणि अडॅप्टर जोडलेला, असे दोन्ही असावे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि अर्धवट लिहिलेल्या बायोसवर लॅपटॉप सुरू होत नाही.

ही वाट सोपी आहे, आणि बहुतेकांचे काम तिथेच भागते. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की प्रोग्रॅमर (चिप वाचणारे आणि लिहिणारे उपकरण) आणि क्लिप (त्याला चिपच्या पिनांशी जोडणारा चिमटा) घरात नसताना हे काम हाती घेऊ नये. सॉफ्टवेअर चालण्यासाठी लॅपटॉप सुरू व्हावा लागतो, आणि बायोस बिघडते तेव्हा नेमके तेच होत नाही. स्वस्त प्रोग्रॅमर काही शे रुपयांत मिळतो; लॅपटॉप मेल्यावर तो मागवण्यापेक्षा आधी मागवून त्याच्याने प्रत काढून ठेवणे शहाणपणाचे आहे.

सर्वांत प्रचलित प्रोग्रॅमर म्हणजे सीएच३४१ए. त्याच्या साध्या काळ्या बोर्डात एक जुना दोष आहे: चिपला जाणारी वीज ३.३ व्होल्टची असली तरी डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. अनेकांनी तो तसाच वापरला आहे आणि त्यांचे काही बिघडलेले नाही, पण चिप मदरबोर्डवरच असताना ते ५ व्होल्ट मदरबोर्डवरील मुख्य नियंत्रक चिपपर्यंत, म्हणजे चिपसेटपर्यंत, पोहोचू शकतात. त्यामुळे व्होल्टेज निवडण्याची सोय असलेला सुधारित बोर्ड घ्यावा, किंवा मुळातच ३.३ व्होल्टवर चालणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरावा. एक्स२३०च्या चिप ३.३ व्होल्टच्या आहेत. नंतरच्या काळातील बऱ्याच लॅपटॉपमध्ये १.८ व्होल्टच्या चिप येतात आणि त्यांना वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणून दुसऱ्या मॉडेलवर हे काम करताना चिपवरचा क्रमांक वाचून तिची डेटाशीट (निर्मात्याचे माहितीपत्रक) पाहिल्याशिवाय क्लिप लावू नये. यांखेरीज आठ पिनांची एसओआयसी क्लिप, लिनक्स असलेला दुसरा संगणक आणि त्यावर चिप वाचण्या-लिहिण्याचा फ्लॅशरॉम हा प्रोग्रॅम लागतो.

लॅपटॉप उघडणे आणि प्रत काढणे

अडॅप्टर आणि बॅटरी काढावी, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्यावा. तळावरील ज्या स्क्रूंजवळ कीबोर्डचे चित्र कोरलेले आहे ते काढून कीबोर्ड स्क्रीनच्या दिशेने सरकवला की तो सुटतो. पुढचे पाम रेस्टचे (हात टेकवण्याच्या भागाचे) स्क्रू काढून पाम रेस्टही उचलावे. दोन्हींच्या पट्टीसारख्या केबल ओढू नयेत, त्या जोडाच्या ठिकाणी नखाने सोडवाव्यात. बटण सेलही याच वेळी काढावा. बोर्डवरील पातळ फिल्म हळूच दुमडली की खाली एकापाठोपाठ दोन चिप दिसतात.

प्रत्येक चिपच्या एका कोपऱ्यावर बारीक ठिपका असतो. ती पहिली पिन. क्लिपची लाल तार त्याच बाजूला आली पाहिजे. चिपच्या पिनांवर काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो पुसून घ्यावा. क्लिप लावण्याची जागा अरुंद असल्याने ती किंचित तिरपी बसते आणि वरवर पाहता नीट बसल्यासारखी दिसते. ती दाबून सोडल्यावर बाजूने पाहावे: दोन्हीकडच्या चारही पिनांवर दाते टेकलेले दिसले पाहिजेत. क्लिप लावून झाल्यावरच प्रोग्रॅमर यूएसबीला जोडावा, आणि क्लिप काढण्यापूर्वी तो यूएसबीवरून काढावा. लॅपटॉपला मात्र या काळात स्वतंत्र वीज देऊ नये. चिपला लागणारी वीज प्रोग्रॅमरकडूनच येते.

फ्लॅशरॉमला प्रोग्रॅमरचे नाव सांगून उणे चिन्हापुढे स्मॉल लिपीत आर दिला की तो चिप वाचून फाइल तयार करतो. लिहिण्यासाठी डब्ल्यू आणि पडताळणीसाठी व्ही. एकाच चिपला जुळणारी दोन-तीन नावे त्याला सापडली, तर चिपवर छापलेला क्रमांक भिंगाने वाचून योग्य नाव आपण द्यावे लागते. चिप सापडलीच नाही, तर दहापैकी नऊ वेळा दोष क्लिपच्या पकडीत असतो. ती काढून पुन्हा लावावी.

एकदा वाचून थांबू नये. प्रत्येक चिप किमान दोनदा वाचावी, मधे क्लिप काढून पुन्हा लावावी, आणि दोन्ही फाइलींचे शा-२५६ बेरीजमूल्य (फाइलीतील मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून पाहावे. ते तंतोतंत जुळले, मोठ्या चिपची फाइल ८३,८८,६०८ आणि छोटीची ४१,९४,३०४ बाइटची भरली, आणि हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडल्यावर ती सगळी एफएफ किंवा सगळी शून्ये नसली, तरच ती प्रत मानावी. शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण न टेकलेली क्लिप दोन्ही वेळा सारखेच एफएफ वाचते आणि त्यांचे बेरीजमूल्य अर्थातच जुळते. दोन्ही फाइली मोठी आधी, छोटी नंतर अशा जोडून बायोसच्या फाइली तपासणाऱ्या यूईएफआयटूल या प्रोग्रॅममध्ये उघडल्या आणि आत विभागांचे झाड नीट दिसले, म्हणजे शंका उरत नाही. या फाइली त्याच लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही, हे सांगायला नकोच.

बदल

यानंतर आयव्हीरेन वापरायचे असल्यास लॅपटॉप जोडून ते वापरावे. क्लिपनेच बदल करायचा असेल, तर आपल्या १२ मेगाबाइटच्या प्रतीवर व्हाइटलिस्ट काढणारा, नेमक्या आपल्या बायोस आवृत्तीसाठी असलेला पॅच, म्हणजे ठराविक बाइटांतील बदल, लावावा, फाइलीचे पुन्हा ८ आणि ४ मेगाबाइट असे तुकडे करावेत, आणि मूळ प्रतीशी ताडून ज्या तुकड्यात फरक पडला आहे तोच त्या त्या चिपवर लिहावा. बदललेल्या बायोसची डिजिटल सही जुळत नसेल, तर सुरू होताना पाच बीपचा संच दोनदा ऐकू येतो. तो सहीचा इशारा आहे; त्यावरून चिप बिघडली असे समजू नये. विंडोजमध्ये डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी, कारण बायोस बदलल्यावर ती हमखास विचारली जाते.

ज्यांना लेनोव्होचे बायोसच नको आहे त्यांच्यासाठी कोअरबूट आहे. १९९९ साली लिनक्सबायोस या नावाने सुरू झालेल्या या मुक्त प्रकल्पात व्हाइटलिस्ट मुळातच नाही, आणि एक्स२३०साठी त्याची छोट्या चिपवर मावणारी तयार फाइलही मिळते. लिनक्स वापरणाऱ्याने हा पर्याय जरूर पाहावा.

लॅपटॉप सुरू होत नसेल तर

नवे बायोस लिहिल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही काळ काळी राहणे, किंवा लॅपटॉप एकदोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होणे, स्वाभाविक आहे. पाच मिनिटे थांबूनही काही दिसले नाही, तर अडॅप्टर, बॅटरी आणि बटण सेल काढून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि रॅमची एकच पट्टी ठेवून पुन्हा पाहावे. त्याने भागले नाही तर क्लिपकडे यावे.

येथे घाईने जुनी प्रत लिहू नये. आधी सध्याची चिप वाचून तीही फाइल ठेवावी. ती मूळ प्रतीशी ताडली की बिघाड कुठे आहे ते कळते. फरक थोड्याच जागी असेल तर लिहिताना पकड सुटली असणार. सगळीकडे असेल तर चुकीची फाइल चुकीच्या चिपवर गेली असण्याचा संभव मोठा. मग मूळ प्रत त्या त्या चिपवर लिहावी. फ्लॅशरॉम लिहून झाल्यावर स्वतःच पडताळणी करतो आणि तसे सांगतो. पडताळणी फसली तर वीज न तोडता तोच आदेश पुन्हा द्यावा, कारण अर्धवट लिहिलेल्या चिपवर दुसऱ्यांदा लिहिण्यात काहीच धोका नसतो.

प्रतच काढलेली नाही आणि लॅपटॉप अपडेट करतानाच मेला, असे असले तरी आशा सोडू नये. नेहमीच्या अपडेटमध्ये मुख्यतः बायोसचा ७ मेगाबाइटचा विभागच लिहिला जातो. डिस्क्रिप्टर, मॅक अ‍ॅड्रेस आणि मॅनेजमेंट इंजिन बहुधा शाबूत असतात. मेलेल्या चिपमधून ते पहिले ५ मेगाबाइट वाचून घ्यावेत आणि त्यांना दुसऱ्या एक्स२३०च्या चांगल्या प्रतीतील शेवटचे ७ मेगाबाइट जोडून नवी फाइल तयार करावी. लेनोव्होच्या अपडेटमधील फाइल मात्र थेट चिपवर लिहू नये. ती संपूर्ण चिपची प्रत नसते.

सेटिंग स्क्रीन दिसू लागली की मूळ सेटिंग्ज लोड करून तारीख-वेळ घालावी, मॅक अ‍ॅड्रेस आपलाच आहे ना ते तपासावे आणि नवे वाय-फाय कार्ड बसवून पाहावे. मग लॅपटॉप पाऊण तास सलग चालू ठेवावा. मॅनेजमेंट इंजिनचा भाग बिघडलेला असेल तर हा लॅपटॉप एरवी अगदी नीट चालतो आणि बरोबर अर्ध्या तासाने काही न सांगता बंद पडतो; लोक मग रॅम आणि पंखा तपासत बसतात. तो अर्धा तास ओलांडल्यावरच फिल्म जागेवर चिकटवून पाम रेस्टचे स्क्रू आवळावेत.