जुन्या एअरस्ट्रीमचा पत्रा घासायला घेण्याआधी

एअरस्ट्रीम म्हणजे गाडीमागे ओढायचा, राहण्याच्या सोयीचा ॲल्युमिनियमचा अमेरिकन ट्रेलर. त्याचा पत्रा चमकवायचं काम मी ओहायोत सुटीच्या दिवशी एका जाणत्या कारागिराच्या हाताखाली शिकलो. मशीन हातात देण्याआधी त्याने पत्र्याची ओळख करून दिली, नवीन येणाऱ्यांना मीही तीच आधी करून देतो.

१९५०-६० च्या दशकांतल्या एअरस्ट्रीमला विमानाचा पत्रा असतो, अल्क्लॅड. मधे ताकदीचा मिश्रधातू, दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनियमचा थर. पत्रा जेमतेम ०.८ मिलिमीटर, त्यात वरचा थर सुमारे ५ टक्के, म्हणजे ०.०४ मिलिमीटर. आरशासारखी चमक या थराची आणि गंजापासून राखणही त्याचीच. पॉलिश करताना आपण तोच थोडा थोडा झिजवत असतो. म्हणून सँडपेपर लावू नका. स्टील वूल, म्हणजे घासायची लोखंडी तारांची लोकरही नको, त्याचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि तिथेच गंज धरतो.

आधी ट्रेलर धुवा आणि कोपऱ्यात थोडं पॉलिश चिंधीने चोळून बघा. चिंधी काळी झाली तर पत्रा उघडा आहे. नाही झाली तर वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप आहे. साठीच्या दशकाच्या मध्यानंतरच्या गाड्यांवर तो हमखास सापडतो. तो स्ट्रिपरने, म्हणजे लेप सोडवणाऱ्या रसायनाने पूर्ण उतरवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मग नुव्हाइट कंपनीचं एफ७ ग्रेडचं पॉलिश, रोटरी बफर (गोल फिरणारं पॉलिश मशीन) आणि लोकरीचा पॅड. वेग मिनिटाला दीड-दोन हजार फेरे, त्याहून जास्त नको. एका वेळी दोन फूट लांब-रुंद भाग घ्या, पॉलिशचे बोटाने ठिपके द्या. पॅड फिरू लागला की राखाडी पत्र्यावर काळा चिखल पसरतो. हे निघालेलं ऑक्साइड. हाताला जरा ओढ जाणवते, मग चिखल विरळ होतो आणि खालून समोरचं झाड दिसू लागतं. तिथेच थांबा! आणखी घासून चमक वाढत नाही, थर मात्र कमी होतो. जिथे एक पत्रा दुसऱ्यावर चढतो, तिथे पॅड कडेवरून बाहेर पडेल असाच फिरवा. आत शिरला तर कड खाऊन टाकतो.

रिव्हेटांभोवती काळी कडी राहतेच. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून कोरड्या फडक्याने पुसायचं, तेलकटपणा त्यात शोषला जातो. हे काम कंटाळवाणं आहे, पण सफाई इथेच कळते, त्यामुळे घाई करू नका.

सगळा ट्रेलर एकदा झाला की त्याच पॉलिशचा आणखी बारीक सी ग्रेड, आणि शेवटी सगळ्यात बारीक एस. एससाठी सायक्लो या दोन डोक्यांच्या पॉलिश मशीनला स्वेटशर्टचं मऊ कापड लावतात, कारण रोटरीने उमटलेली वर्तुळं उन्हात लगेच दिसतात. काम मात्र सावलीतच करा, तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं. तोंडाला मास्क, हातात मोजे हवेतच.

सुरुवात मागच्या बाजूच्या खालच्या पट्टीपासून करा. पुढचे गोल कोपरे हात बसल्यावर घ्या. तिथे पाकळ्यांसारख्या वक्र पत्र्यांना पॅड सपाट टेकत नाही आणि दाब चटकन वाढतो.