चीनमध्ये शिकताय, सुट्टीत फिरायला निघालाय? या चुका टाळा

शिजियाझुआंग स्टेशनाबाहेर उभा राहून मी टॅक्सीवाल्याला पाच वेळा ‘डॉक्टर कोटणीस’ म्हणालो. पाचही वेळा त्याने हसून हात हलवला. मी सोलापूरचा. कोटणीसांचं नाव लहानपणापासून कानावरून गेलेलं, त्यामुळे चीनमध्ये ते सगळ्यांना माहीत असणार हे मी धरूनच चाललो होतो. माहीत आहेच, पण ‘ख दिहुआ’ म्हणून. १९३८ साली भारतातून जे पाच डॉक्टर चीनला गेले, त्या पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ आलं. हुआ म्हणजे चीन. शेवटी मागे रांगेत उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीने माझ्या मोबाइलवर चार अक्षरं टाइप करून दिली: कोटणीसांची समाधी जिथे आहे ती शहीद स्मशानभूमी, ‘लिएशर लिंगयुआन’. टॅक्सीवाल्याने ती वाचली आणि एक शब्द न बोलता मीटर टाकलं.

तेव्हा पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: ठिकाणाचं नाव आपल्या उच्चारात घेऊन निघणं. ‘फॉरबिडन सिटी’ म्हणजे बेजिंगचा जुना राजवाडा, पण हे नाव तिथल्या रिक्षावाल्याला कळत नाही, त्याच्यासाठी ते गूगोंग. ग्रेट वॉल म्हणजे छांगछंग, शिआनचे मातीचे सैनिक म्हणजे बिंगमायोंग. शाळेच्या इतिहासात घोकलेला ‘ह्युएन त्संग’ तर मी शिआनमध्ये किती जणांना ऐकवला! चिनी कानाला तो श्वेनझांग. पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेलेला हा भिक्षू ६४५ मध्ये पोथ्या घेऊन परतला. त्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये दायानथा पॅगोडा उभा राहिला. आज पॅगोड्याच्या पुढच्या चौकात त्याचा भलामोठा पुतळा आहे. त्या पुतळ्याखाली उभा राहून मी लोकांना विचारत होतो, ह्युएन त्संगचा पॅगोडा कुठाय.

उपाय साधा आहे. निघायच्या आदल्या रात्री ठिकाणाचं, हॉटेलचं आणि आपल्या वसतिगृहाचं नाव चिनी अक्षरांत लिहून त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. इंटरनेट गेलं तरी फोटो राहतो. गुगल मॅपच्या भरवशावर तर राहूच नका. तिथल्या नेटवर्कवर तो उघडत नाही, आणि उघडलाच तरी रस्ता एकीकडे अन् आपला निळा ठिपका भलतीकडे. गाओद हे चिनी नकाशाचं ॲप वापरा. घरच्यांशी व्हॉट्सॲपवर बोलायचं असेल तर भारतातल्या सिमचं रोमिंग सुरू ठेवा, त्यावर चालतं.

स्टेशन चुकणं. बेजिंगला ‘बेजिंग झान’ हे एक स्टेशन, पश्चिमेचं ‘शी झान’ दुसरं, दक्षिणेचं ‘नान झान’ तिसरं, आणि आणखीही आहेत. शिजियाझुआंगच्या गाड्या बहुतेक पश्चिमेच्या स्टेशनावरून सुटतात. मी नुसत्या ‘बेजिंग झान’वर जाऊन उभा. दादरहून सुटणारी गाडी सीएसएमटीला शोधावी तसं. आणि गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, पळत जाऊन दांडी पकडायची सोय नाही. पण चुकलीच तर तिकीट फेकून देऊ नका. त्याच दिवशीच्या दुसऱ्या गाडीत जागा असेल तर ते बदलून मिळतं. खिडकीवर ‘गायच्येन’ म्हणायचं आणि पासपोर्ट पुढे करायचा. स्वयंचलित फाटकं आपला पासपोर्ट बऱ्याचदा वाचत नाहीत. तिथे अडून बसू नका, बाजूला माणूस बसलेली रांग असते, तिकडे जा.

पासपोर्टवरून आठवलं. झेरॉक्स घेऊन फिरणं ही आपली सवय, ‘ओरिजिनल हरवलं तर?’ म्हणून. चीनमध्ये रेल्वेचं तिकीट, राजवाड्याचं तिकीट, हॉटेलची खोली, सगळं मूळ पासपोर्टावर. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या तीस दिवसांत रहिवासी परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तेव्हा पासपोर्ट काही दिवस पोलिसांकडे जमा असतो. नेमक्या त्या आठवड्यात शिआनची सहल आखणारे दरवर्षी निघतात. आणखी एक: सुट्टीत दुसऱ्या शहरातल्या मित्राच्या भाड्याच्या घरी राहिलात तर २४ तासांच्या आत तिथल्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेलात उतरलात तर हे काम हॉटेलवाले करतात.

गूगोंगला सकाळी उठून सरळ जाणं. सोमवारी गेलात तर दार बंद. इतर दिवशी तिकीट ऑनलाइनच, सात दिवस आधी रात्री आठला खुलं होतं आणि गर्दीच्या दिवसांत बघता बघता संपतं. एप्रिल ते ऑक्टोबर साठ युआन, थंडीत चाळीस. विद्यार्थ्यांना वीस, पण पदवीपर्यंतच. एम.ए., पीएच.डी.वाल्यांना पूर्ण पैसे. एमबीबीएसवाल्यांनो, ओळखपत्र सोबत ठेवा. आत जायचं दक्षिणेच्या दारातून, बाहेर पडायचं उत्तरेच्या, म्हणून ‘परत दारापाशी भेटू’ असं मित्रांना सांगू नका. तिकीट मिळालंच नाही तर उत्तरेच्या दारासमोरच्या जिंगशान टेकडीवर चढा. तिकीट दोन युआन, आणि वरून राजवाड्याची पिवळी छपरं एका नजरेत मावतात. खरं सांगायचं तर आतल्या ढकलाढकलीपेक्षा मला ती टेकडीच जास्त लक्षात राहिली.

१ ते ७ ऑक्टोबरला कुठेही जाऊ नका. राष्ट्रीय दिनाची सुट्टी, अख्खा देश बाहेर. ग्रेट वॉलच्या बादालिंग भागात त्या दिवसांत एक पायरी चढायची आणि पुढचा सरकेपर्यंत थांबायचं, पंढरीच्या दर्शनबारीसारखं. पुढचा आठवडा धरा, आणि बादालिंगऐवजी मूथ्येन्यू. तिथून घसरगाडीवर बसून खाली येता येतं.

पैशांचं थोडक्यात. अलीपे किंवा वीचॅट या मोबाइलवरून पैसे देण्याच्या ॲपना भारतातलं व्हिसा, मास्टरकार्ड जोडता येतं, पण एका वेळी २०० युआनच्या वर गेलात की तीन टक्के जादा कापले जातात. थोडी रोकड खिशात असू द्या. आणि रस्त्यात गोड बोलून ‘इंग्रजीचा सराव करायचाय, चला चहा पिऊ’ म्हणणाऱ्यांबरोबर जाऊ नका. चहा दोन घोट, बिल महिन्याच्या मेसचं.

‘मांस नको’ एवढंच सांगणं. शाकाहारी मुलं इथे फसतात. चिनी स्वयंपाकघरात नुसतं ‘रौ’ म्हटलं की डुकराचं मांस. तुम्ही ते नको म्हणालात, तर चरबीत परतलेली भाजी आणि हाडांच्या पाण्यातलं सूप येऊ शकतं, कारण त्यांच्या लेखी त्यात मांस कुठाय? ‘वो छ्र सू’ म्हणा: मी शाकाहारी खातो. मापो तोफूवर खिमा असतो. उलट ‘मासळीच्या वासाचं वांगं’ नावाच्या भाजीत मासा अजिबात नसतो, खिमा मात्र बऱ्याचदा असतो. गोमांस न खाणाऱ्यांनी हलाल पाटीचं लानझोऊ नूडल्सचं दुकान सुरक्षित समजू नये, तिथला रस्साच गाईच्या हाडांचा. बौद्ध देवळांजवळच्या शाकाहारी खाणावळींत निर्धास्त जेवा. कांदा-लसूणही नसतो.

सिचुआनी जेवणात जीभ बधिर झाली म्हणून अ‍ॅलर्जीची गोळी घेतलेला आमचा एक मित्र आहे. ती ह्वाज्यावची, म्हणजे सिचुआनी मिरीची करामत. कोकणातल्या कुणाला चाखायला दिलंत तर लगेच म्हणेल, हे तर तिरफळ! भावकीतलंच झाड आहे ते. पाणी पिऊन बधिरपणा जात नाही, कोरडा भात खा. आणि भात खाताना काड्या भातात उभ्या खुपसून ठेवू नका. मेलेल्या माणसापुढे भातात उदबत्त्या लावतात, तसं दिसतं ते. आपल्याकडे ताटात पिंडासारखा भात वाढला तर आजी ओरडते ना, तसंच.

देवळांत आपलं वळण मात्र कामी येतं. बेजिंगच्या योंगहगोंग या लामा मंदिरात उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. युरोपातली मुलं बिनधास्त उंबऱ्यावर उभी राहून फोटो काढत होती, आणि माझा पाय मात्र आपोआप उचलला गेला. गाभाऱ्यात फोटो काढू नका. उदबत्त्या बाहेरून विकत घेऊ नका, आत फुकट मिळतात.

शेवटची चूक भेटवस्तूची. आईने आमच्या चिनी शिक्षिकेसाठी सोलापूरहून भिंतीवरचं घड्याळ पाठवलं होतं. वर्गातल्या मुलाने वेळीच अडवलं: ‘घड्याळ भेट देणं’ हे बोलताना ‘अंत्ययात्रेला जाणं’ असं ऐकू येतं. बाईंना शेवटी मी माझ्या पांघरुणातली नवीकोरी सोलापुरी चादर दिली. घड्याळ माझ्या खोलीत टांगलंय, अडीच तास मागे, सोलापूरच्या वेळेवर.